घरचं माणूस शेजारी

"हँडब्रेक बघितलास?" कासमचाचांनी विचारलं.

"बघितला, चाचा."

"धरतोय?"

"धरतोय की."

हे विचारायची त्यांची ती तिसरी वेळ. एकदा पाटणला गॅरेजात विचारलं, एकदा हेळवाकला डिझेल भरताना, आणि आता कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीसमोर. तिन्ही वेळा मी तेच बोललो आणि तिन्ही वेळा दुसरीकडं बघत बोललो. कारण त्या गाडीला हँडब्रेकच नव्हता. दांडा होता, ओढला की कर्रकर्र वाजायचासुद्धा. पण त्याची तार शाफ्टवरच्या ज्या लोखंडी ड्रमला आवळून धरायची, तो ड्रम गॅरेजच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसरच्या मागं पोत्याखाली पडला होता. तारेचं मोकळं टोक मी एका जाड स्प्रिंगला अडकवून स्प्रिंग चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधली होती. म्हणजे कुणी दांडा ओढून बघितला, तर हाताला बरोबर ताण लागावा. अक्कल बघा माझी! एवढी अक्कल सरळ कामात लावली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

ड्रमचं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

"मग जा," चाचा म्हणाले. "खाली पोफळीपर्यंत उतरायचं, वळायचं, वर यायचं. आणि हणमंता, मधी काय वाटलं, तर पयल्या वळणावरनं माघारी ये. मी काय बोलणार न्हाई."

"माघारी कशाला येतोय, चाचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीत बसलेल्या हौसाकडं बघितलं आणि टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसले.

हौसा म्हणजे माझी बायको. लग्नाला आठ महिने झाले होते. मोरपंखी साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर, मांडीवर भाकरी-पिठल्याचं गाठोडं. नवऱ्यानं दुरुस्त केलेल्या गाडीतून नवऱ्याबरोबर फिरायला निघाली होती बिचारी. ती का निघाली होती, ते आधी सांगतो.

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा, कासमचाचा नदाफांच्या गॅरेजात नऊ वर्षं फिटर. फिटर, मिस्त्री नव्हे. चाचांच्या गॅरेजात मिस्त्री एकच, ते स्वतः. आणि चाचांचा एक कायदा होता. ज्यानं गाडीचा गिअरबॉक्स नाहीतर ब्रेक खोलला, त्यानंच ती गाडी पहिल्यांदा घाटात उतरवायची, आणि शेजारी घरचं माणूस बसवायचं. आई, बाप, भाऊ, बायको, कुणीही. चाचांनी हा कायदा त्यांच्या उस्तादाकडून घेतला होता. आम्ही पोरं हसायचो. गाडीचं काम पक्कं व्हावं म्हणून हा धाक आहे, एवढंच आम्हाला कळायचं.

गाडी रंगराव घाडग्यांची. फोर बाय फोर पिकअप, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. रंगरावांचा धंदा खव्याचा. वरच्या वाड्यांमधून धनगरांच्या भट्ट्यांवरचा खवा गोळा करायचा आणि पुण्याला पोचवायचा. वाड्यांवर चढायला चारही चाकांना जोर देणारी ही गाडी म्हणजे रेडा होती नुसती. पण डांबरी रस्त्याला लागली की साठच्या वर इंजिन बोंब मारायचं, आणि पुण्याला पोचेपर्यंत खवा आंबायला लागायचा. म्हणून रंगरावांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वस्तू शोधून आणली. ओव्हरड्राइव्ह. पत्र्याच्या डब्यात गुंडाळलेली, कलिंगडाएवढी, लोखंडाची. सोप्या भाषेत सांगायचं तर गिअरच्याही वरचा एक गिअर. सायकलला मागं लहान चक्र घातलं की पायडल कमी आणि पळणं जास्त, तसंच. इंजिन निवांत फिरतं आणि चाकं पळतात.

हा ऐवज बसवायचा कुठं? मागच्या चाकांकडं जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या तोंडाशी. आणि त्या गाडीला हँडब्रेकचा ड्रम नेमका तिथंच. ड्रम काढल्याशिवाय ओव्हरड्राइव्ह बसत नव्हता.

"ड्रम काढायचा तर मागच्या चाकांवर हँडब्रेकची दुसरी सोय आधी करायची," चाचा म्हणाले होते. "ती हुईस्तवर ड्रमला हात लावायचा न्हाई. आणि हे काम पार पाडलंस, तर तू मिस्त्री. जा."

एवढं बोलून ते चार दिवस मिरजेला लेकीकडं गेले. दुसरी सोय करायची म्हणजे आठवडा जाणार होता. दिवाळी तोंडावर, रंगराव सकाळ-संध्याकाळ दारात. आणि माझ्या कानात एकच शब्द वाजत होता, मिस्त्री. चाचा यायच्या आत काम उरकून दाखवायचं होतं मला. ड्रम काढला, ओव्हरड्राइव्ह चढवला, शाफ्ट कापून घेतला, डॅशबोर्डावर घरातल्या दिव्याचं असतं तसलं एक बटण ठोकलं. हँडब्रेक काय, ट्रायल झाली की पुढच्या आठवड्यात करू. दगड लावून गाड्या उभ्या राहतातच की. असं आपलं मी मला समजावलं.

आई गुडघ्यांनी बेजार, म्हणून शेजारी बसायला हौसा आली.

चाचा मागं हौद्यात बसले आणि आम्ही निघालो. पाटण ते कोयना मजा आली. मी बटण दाबलं आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला.

"आवं, बंद पडलं काय?" हौसानं विचारलं.

"बंद कशानं पडतंय? ह्यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणत्यात."

"आणि हे इतकं दांडं कशाला? आमच्या आबाच्या बैलगाडीला एकबी न्हाई."

"हा मोठा गिअरचा. ह्यो हँडब्रेक. आणि ही तांबड्या बोंडीची दांडी हाय न्हवं, ही मागं वढली की पुढची चाकं बी वझ्याला लागत्यात. गाडीला पुढं दुसरी बैलजोडी जुंपल्यागत. मागची जोडी एकीकडं, पुढची एकीकडं."

"आणि ती काळी?"

"ती चिखलातली. आता गप बस की."

"बायकूला काय सांगाय नगं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत हसली. तिच्या बाजूचं दार हिसक्यानं उघडायचं, म्हणून निघतानाच मी ते सुतळीनं आतून आवळून बांधलं होतं. काळजी घेतली होती मी बायकोची!

तर मग चाचांना माथ्यावर सोडून आम्ही घाटाला लागलो. सकाळचे दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन, खाली कोकण निळं निळं दिसत होतं. ओव्हरड्राइव्हचं बटण मी माथ्यावरच बंद केलं होतं. घाटात ते चालू ठेवत नाहीत, एवढं मला कळत होतं. गाडी तिसऱ्यात टाकली आणि सोडली.

आता ज्यानं घाटात गाडी उतरवलीय त्याला ठाऊक आहे. उताराला गाडी खालच्या गिअरात असली की इंजिन तिला मागनं धरतं आणि त्याचा आवाज वाढतो. तो आवाज म्हणजे ड्रायव्हरचा आधार. मी त्या आवाजाची वाट बघत होतो.

आवाज आलाच नाही.

गाडीचा वेग वाढत होता आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरत गप्प बसलं होतं. मला आधी वाटलं, बटण चालू राहिलं. बघितलं तर बंद. दुसऱ्यात टाकली. तेच. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, गाडी वळली. चाचांचं बोलणं आठवलं, पहिल्या वळणावरनं माघारी ये. मी माघारी फिरलो नाही. म्हटलं, नवीन वस्तू आहे, बसेल जागेवर. खरं सांगू? चाचांसमोर पाच मिनिटांत तोंड पाडून उभं राहायची लाज वाटली. त्या लाजेपायी मी दुसरं वळण घेतलं आणि मग तिसरं.

पहिल्या गिअरात टाकली. पहिल्यात, सांगतो तुम्हाला! तरी गाडी अशी चाललेली, जणू इंजिनाचा आणि तिचा काही संबंधच नाही. मला तेव्हा उमगलं. मी बसवलेला तो लोखंडी गोळा पुढं ढकलायचं काम करत होता, पण मागं धरायचं करत नव्हता. उताराला मागची चाकं मोकळी झाली होती. आम्हाला धरून ठेवणारा आता एकच माझा उजवा पाय होता.

हातांना घाम सुटला आणि स्टेअरिंग निसटायला लागलं.

हौसा तिच्या माहेरचं काहीतरी सांगत होती. म्हशीचं. कुठल्या तरी म्हशीनं कुणाची तरी साडी खाल्ली होती. मी "हं, हं" करत होतो.

"कसला वास येतोय वं?" ती मधेच म्हणाली.

वास मला केव्हाच आला होता. ब्रेकचे लायनर घासून घासून जळत होते.

"गाडी नवी हाय न्हवं, रंगाचा वास येतोय," मी म्हणालो.

"ही गाडी नवी?"

म्हशीची गोष्ट अर्धीच राहिली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गाठोडं पोटाशी घट्ट धरलं.

ब्रेकवरचा पाय खोल जायला लागला. आधी ब्रेक अर्ध्यावर धरायचा, मग त्याच्याही खाली. चौथ्या वळणाला समोरनं एक ट्रक वर चढत आला, त्याच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मला शिव्या घातल्या, कारण मी त्याच्या अंगावरच चाललो होतो. ट्रक इतक्या जवळनं गेला की हौसानं डोळे मिटले.

पुढं रस्त्याच्या कडेला जरा कमी उताराचा एक तुकडा दिसला. रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली, चार-दोन रिकामी डांबराची पिंपं. दोन्ही पाय ब्रेकवर देऊन मी जवळजवळ उभाच राहिलो. गाडी खडीत शिरली, फरफटली आणि थांबली. पुढं तीसेक पावलांवर वळण होतं. वळणाला कठड्याचे पांढरे दगड, एकाआड एक, आणि दगडांच्या पलीकडं काहीच नव्हतं.

"थांबली," हौसा म्हणाली.

"थांबली."

आता खाली उतरून त्या गोळ्याचं काय झालंय ते बघायचं, एवढंच डोक्यात होतं. इंजिन बंद केलं. गाडी पहिल्या गिअरात ठेवली. आणि डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. कर्रकर्रकर्र. हाताला बरोबर ताण लागला. मी ब्रेकवरचा पाय काढला आणि खाली उतरलो.

हो. मीच. ज्यानं ड्रम काढला, ज्यानं दुसऱ्याला फसवायला स्प्रिंग बांधली, त्याच माणसानं त्याच दांड्यावर विश्वास ठेवला. चौदा वर्षांचा असल्यापासून मी गाड्यांवर होतो. उतरायचं म्हटलं की हँडब्रेक ओढायचा, हे हाताला पाठ होतं. हाताला काय ठाऊक मी काय केलंय ते?

मी मागं गेलो, खाली वाकलो. गोळा तापून धुरकटला होता, एका बाजूनं तेल टिपकत होतं. मी हात पुढं केला आणि तो धूर माझ्यापासून लांब जायला लागला.

खडी करकरली.

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं.

"हौसे!" मी ओरडलो. "उडी टाक!"

कुठनं टाकणार? तिच्या बाजूचं दार मीच सुतळीनं आवळलेलं. मी उजव्या अंगानं धावलो, माझ्या दाराकडं. दार उघडंच होतं, झुलत होतं. दाराच्या कडेला हात लागला आणि खडीवरनं पाय घसरला. तोंडावर आपटलो. उठलो तर गाडी दहा पावलं पुढं. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं चालली होती ती, आवाज न करता. अजून आठवतं मला, किती गप चालली होती. मागच्या काचेतनं हौसाचं डोकं दिसत होतं आणि त्यावरचा अबोलीचा वळेसर.

"ब्रेक दाब! पायानं!" मी ओरडलो. पण तिला कुठला ब्रेक न् कुठला क्लच! गाडी खडीवरनं डांबरावर आली आणि वेग धरायला लागली. मी पळत होतो. त्या वेळी मी देवाला हाक मारली असेल, आईला मारली असेल, काय बोललो ते सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की मला दिसत होतं. पांढरा दगड दिसत होता, त्याच्यामागचं आभाळ दिसत होतं, आणि ह्या दोन्हीच्या मधे माझी बायको. मी आयुष्यात तेवढा कधी भ्यालो नाही. स्वतःच्या मरणालाही तेवढा भिणार नाही.

हौसाचं डोकं एकदम खाली वाकलं.

खडाड् खडाड् खडाड्! लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज आला की घाटभर घुमला. मग एक दणका बसला. बंद इंजिनानं आतल्या आत उचकी दिली, एक, दोन. पुढची चाकं डांबरावर फरफटली, काळे पट्टे उठले, आणि गाडी नाक खाली घालून उभी राहिली. बंपर कठड्याच्या दगडाला टेकला. दगड जरासा कलला, आणि त्याच्या बुडाखालची माती दरीत सांडली.

मी आधी गाडीखाली दगड लावले. हाताला येईल तो दगड, चारही चाकांना. मगच दारात गेलो. हौसा वाकून बसली होती. तांबडी बोंडी तिनं दोन्ही हातांनी धरून मागं ओढली होती आणि अजून ओढतच होती.

"सोड आता," मी म्हणालो.

"सोडू?"

"सोड. थांबली."

"खरंच सोडू? न्हाई जाणार?"

"न्हाई जाणार."

तिला सोडायचं होतं, पण बोटं उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं. मला रडू आवरेना. ती रडत नव्हती.

"मागची जोडी वझं धरंना," ती म्हणाली. "म्हटलं, पुढची जुंपून बघावी."

तिनं केलं तेच एक करण्यासारखं होतं. ओव्हरड्राइव्ह मागच्या शाफ्टवर होता, पुढची चाकं त्याच्यातनं जातच नव्हती, ती सरळ गिअरबॉक्सला जुंपली गेली. पहिल्या गिअरातलं बंद इंजिन पुढच्या चाकांनी धरलं आणि गाडी थांबली. नऊ वर्षं फिटर असलेल्या मला हे पळताना सुचलं नव्हतं.

खाली उतरून ती रस्त्यापलीकडं जाऊन दरडीला टेकून बसली. मग म्हणाली, "तुमी ब्रेक वढलावता. मी बघितलं. वाजला बी."

आता खोटं बोलायची ताकद नव्हती. ड्रम, तार, स्प्रिंग, मिस्त्री, चाचांचे तीन प्रश्न, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजे मी बसली तवा तुमाला ठावं हुतं."

"व्हय."

"गाडी चालू केली तवा बी."

"व्हय, हौसे."

मी पुढं केलेला हात तिनं धरला नाही. चिपळूणकडनं येणारी एसटी आली, हात करून थांबवली, चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय पाव्हणं, गाडी हितंच इकली काय?" कुणी हसलं नाही.

माथ्यावर एसटी थांबली तेव्हा चाचा बाकड्यावरच होते. गाडीशिवाय आम्हाला उतरलेलं बघून ते ताडकन उभे राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. हौसाच्या समोर येऊन उभे राहिले.

"पोरी, लागलं न्हाई न्हवं कुठं?"

तिनं मान हलवली. मी सांगायला सुरुवात केली. "चाचा, हँडब्रेक..."

"ठावं हाय," ते म्हणाले. "ड्रम मी परवाच बघितला. पोत्याखाली."

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता, तो थांबला.

"तुमाला ठावं हुतं?" हौसानं विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"हुतं, पोरी. तीनदा इचारलं त्याला. मला वाटलं, तू शेजारी बसलीस की तोंड उघडंल. ह्यो कायदा त्याच्यासाठीच हाय. गाडीच्या ट्रायलीसाठी न्हाई. माझ्या उस्तादानं माझ्या अम्मीला बसवलं हुतं. मी चावी फिरवायच्या आधीच रडत खाली उतरलो, एक बोल्ट ढिला ठेवला हुता म्हणून. घरचं माणूस शेजारी असलं की खोटं बोलवत न्हाई. तीस वर्षांत समद्यांनी तोंड उघडलं, कुणी गॅरेजात, कुणी पयल्या वळणावर. गिअर हाय, पायाचा ब्रेक हाय, म्हटलं तवर काय हुतंय. त्यो गोळा गाडी धरत न्हाई, हे मला काय म्हाईत?"

"आणि ह्यांनी न्हाई उघडलं."

"न्हाई उघडलं."

हौसा एक पाऊल पुढं आली. आठ महिन्यांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी साऱ्या घाटमाथ्यानं ऐकला.

"म्हंजे तुमाला ठावं, ह्यांना ठावं, आणि जी बसली तिलाच ठावं न्हाई! ह्यांचं खोटं मोजाय माझा जीव काट्यावर ठिवलासा व्हय, चाचा? मी काय वजन हाय? मला एकानं तरी इचारायचं, बाई, हितं ब्रेक न्हाई, बसतीस का? मी न्हाई म्हटली असती, घरी भाकरी खाल्ली असती!"

कासमचाचांना कुणी उलटं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते बाकड्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चुकलो, पोरी," ते म्हणाले. "ह्याच्यापरास जास्त चुकलो."

गाडी दुसऱ्या दिवशी टोचन लावून, दुसऱ्या गाडीनं ओढत वर आणली. गोळा खोलला तर आतल्या स्प्रिंगा थकलेल्या निघाल्या. ते मला खरंच ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण त्याचं आता काय! ड्रम जागेवर गेला, ओव्हरड्राइव्ह पत्र्याच्या डब्यात परत गेला, आणि रंगराव पुन्हा साठनं बोंब मारत पुण्याला जायला लागले. मला मिस्त्री व्हायला अजून तीन वर्षं लागली.

पण गाडी वर आणली त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे एसटीनं पाटणला आलो त्याच दुपारी, हौसा घरी न जाता गॅरेजात शिरली. कॉम्प्रेसरच्या मागचं पोतं बाजूला केलं, तो जड ड्रम मोरपंखी साडीवरनं उचलून आणला आणि चाचांच्या बसायच्या स्टुलावर ठेवला.

"जे काढलंय ते हितं ठिवायचं," ती म्हणाली. "बसायच्या जागेवर. बसणाऱ्याला दिसू दे. उचलल्याशिवाय बसायचं न्हाई."

चाचांनी मान हलवली. घरचं माणूस बसवायचा कायदा त्या दिवशी संपला. माझं कराडला स्वतःचं गॅरेज होऊन आता सव्वीस वर्षं झाली, तिथंही हौसाचाच कायदा चालतो. गाडीतनं काही काढलं आणि परत बसलं नाही, की ते ड्रायव्हरच्या सीटवर. गिऱ्हाईक कुरकुरतात, सीटला तेल लागतं म्हणून. लागू दे.

ती माझ्याशी पुन्हा कधी बोलायला लागली, ते विचारू नका. लागली एवढं खरं. पण ती कुठल्याही गाडीत बसायच्या आधी दारात उभी राहून एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षी लेकीनं नवी कोरी गाडी घेतली, गाडी दारात हार घालून उभी होती, तरी हौसानं विचारलंच.

"काय काढलंय?"

"अगं, शोरूममधनं आलीय कालच. काय काढणार?" मी म्हणालो.

ती गाडीकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. पुरतं बघून झाल्यावर बसली. मग आम्ही चिपळूणला निघालो. घाट लागला तसा तिचा उजवा हात दोन सीटांच्या मधे गेला आणि काहीतरी शोधायला लागला. तिथं आता पाण्याची बाटली ठेवायचा खळगा आहे. मी गाडी पहिल्यात टाकली आणि पोफळीपर्यंत तशीच नेली.